खंडेनवमीची सावड

मखमलाबादच्या मळ्यात वाढलेला चंदर सातपूरला येऊन कॉम्प्युटरवाला झाला, याचं त्याच्या आईला, गोजराबाईंना, कधी नवल वाटलं नाही. त्यांना नवल वाटायचं ते निराळ्याच गोष्टीचं.

“दिवसभर खुर्चीत बसतो आन् दमून उठतो. दमाया केलं काय ह्यानं?” असं त्या मळ्यातून सातपूरला आल्या की सुनेला, हर्षालीला, विचारायच्या.

“डोकं दमतं त्यांचं, आत्याबाई.”

“मंग त्येल घाल की डोक्यावर.”

तेल घालून उपयोग नव्हता, कारण दमायचा तो चंदर नव्हेच, त्याचा कॉम्प्युटर. चंदर आयटीआय झालेला, काही वर्षं कारखान्यात शिफ्ट केलेला. रात्रपाळीत मशीनच्या शेजारी बसून पुस्तकं वाचता वाचता प्रोग्राम लिहायला शिकला आणि नोकरी सोडून घरीच कामं घेऊ लागला. सातपूरच्या लहान वर्कशॉपांत मशिनं बनायची, त्या मशिनांना अक्कल द्यायचं काम चंदरचं. एका डब्यात बसेल एवढा छोटा कॉम्प्युटर, तो मशीनला जोडायचा आणि त्याने मशीन चालवायचं.

आता माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनला तसाच्या तसा कळत नाही. मशीनच्या भाषेत तो उतरवून द्यावा लागतो, त्याला कंपाइल करणं म्हणतात. एकेका डब्यासाठी अशा हजारो लहान लहान फायली उतरवायच्या. चंदरचा एकटा कॉम्प्युटर त्या कामाला लावला की दिवस मावळायचा, दुसरा उगवायचा, आणि तरी पंखा घरघरतच असायचा. त्यात ती दोन हजार पाचच्या सुमाराची वर्षं. लोडशेडिंगने सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. इन्व्हर्टर तरी किती तग धरणार?

पण चंदरने एक उद्योग आधीच करून ठेवला होता. घरी इंटरनेट घेतलं तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्यातून वाटा दिला होता. गच्चीगच्चीवरून निळ्या वायरी ओढून आपल्या गल्लीतली आणि रस्त्यापलीकडची घरं जोडली होती. त्यातले बरेच कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिलेले. दुपारी मुलं शाळा-कॉलेजात, बाया घरकामात, आणि कॉम्प्युटर नुसते उभे. मग त्याच्या वाचनात आलं, की एकाचं कंपाइल करायचं काम अनेकांना वाटून देणारा एक प्रोग्राम आहे. नाव डिस्टसीसी. आपल्या कॉम्प्युटरने फायली तयार करून वायरीवरून शेजारी पाठवायच्या, ज्याने त्याने आपल्या वाट्याची उतरवून परत करायची, आणि शेवटी सगळं एकत्र बांधायचं आपल्याच घरी.

हे त्याने आईला सांगितलं तेव्हा गोजराबाईंनी कांदा चिरता चिरता मान वर केली.

“म्हंजी सावड.”

“सावडच!” चंदर टाळी वाजवून म्हणाला. एकाच्या मळ्यातलं काम सगळ्यांनी मिळून उरकायचं आणि मग दुसऱ्याच्या मळ्यात जायचं, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. इतकी पुस्तकं वाचली, पण हा शब्द त्याला सुचला नव्हता.

सावडीला एकच अट होती. प्रत्येक कॉम्प्युटरवर कंपाइलर, म्हणजे फायली उतरवणारा प्रोग्राम, तोच हवा आणि तो तंतोतंत त्याच आवृत्तीचा. एकदा समोरच्या शकुबाईंच्या कॉम्प्युटरवर चुकून जुना राहिला, तर द्राक्षाच्या पेट्या मोजणारं मशीन रिकाम्या पेट्याही भरलेल्या म्हणून मोजायला लागलं. तेव्हापासून चंदर स्वतः घरोघरी जाऊन सगळं सारखं करून यायचा. शेजाऱ्यांनी एवढंच करायचं, की कॉम्प्युटर मोकळा असला तर चालू करताना पेंग्विनचं चित्र निवडायचं, म्हणजे तो सावडीत यायचा. शकुबाईंना ते पेंग्विन कधी पटलं नाही. जेवणं उरकली की त्या खिडकीतून हाक मारायच्या, “बदक लावलंय रे, चंदर!”

त्या वर्षीचं नवरात्र उजाडलं ते चंदरच्या परीक्षेचं. जीवनराव म्हणून एक वर्कशॉपवाले होते, त्यांनी कांदा निवडायचं मशीन बनवलं होतं. पट्ट्यावरून कांदे येणार, मशीन एकेक कांदा तोलणार, लहान इकडे, मोठा तिकडे. देवळ्याचे कांद्याचे व्यापारी सावळीराम यांनी ते मागवलं होतं आणि त्यांना ते दसऱ्याच्या मुहूर्तावरच चालू झालेलं हवं होतं. जीवनरावांनी चंदरला सांगून ठेवलं होतं, “हे चाललं, तर पुढची सगळी मशिनं तुझ्याच डब्यावर. वर्षभराचं काम.”

आणि नाही चाललं तर पुणे. तिथल्या कंपनीने चंदरला नोकरी देऊ केली होती, दसऱ्यापर्यंत कळवायचं होतं. हर्षालीला पुण्याला जायचं नव्हतं, चंदरला त्याहून नव्हतं. पण दोघांपैकी कोणी ते मोठ्याने बोलत नव्हतं. हर्षाली घटासमोर हात जोडायची तेव्हा जरा जास्त वेळ उभी राहायची, तेवढंच.

अष्टमीला मशीनची चाचणी झाली आणि खोट निघाली. कांदे भराभर आले की डबा गोंधळायचा. चंदरने दिवसभर डोकं खाजवलं तेव्हा संध्याकाळी सापडलं, की चूक त्याचीच, आणि तीही अगदी प्रोग्रामच्या पायात. पाया बदलायचा म्हणजे वरचं सगळं पुन्हा कंपाइल करणं आलं.

“होईल ना?” जीवनरावांनी विचारलं.

“शेजारी आहेत ना माझे. उद्या संध्याकाळी डबा घेऊन जा.”

नवमीला सकाळी अंघोळ करून, घटाला माळ चढवून चंदर कामाला बसला. पडद्यावर प्रत्येक घराची एकेक रंगीत पट्टी पळत होती. कोण काम करतंय, कोण थांबलंय, सगळं त्यात दिसायचं. आज पट्ट्या अशा धावत होत्या की चंदर शीळ घालायला लागला. हर्षालीने चहा आणून ठेवला तेवढ्यात एक पट्टी थांबली. मग दुसरी. चहा निवेपर्यंत पडद्यावर एकच पट्टी उरली होती, ती त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरची. काम बंद पडलं नव्हतं. शेजारी गेले की सगळं ओझं घरच्याच मशीनवर येतं, तसं आलं होतं. पण या चालीने दसरा उलटून गेला असता.

“लाइट गेली का?” चंदर म्हणाला.

“पंखा फिरतोय की,” हर्षाली म्हणाली.

तो वायर बघत बघत शकुबाईंकडे गेला. दार उघडंच होतं. आत टेबलावर कॉम्प्युटर बसला होता नवरदेवासारखा. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर हळदीकुंकू, माउसखाली तांदूळ, पुढे उदबत्ती. शेजारी शिवणाचं मशीन, कात्री, विळी, सगळी ओळीने पूजेला.

“ये ये, प्रसाद घे,” शकुबाई म्हणाल्या.

“मावशी, बदक का काढलंत?”

“अरे, आज खंडेनवमी! हत्यारं विसावतात आज. मी सुईसुद्धा घेतली नाही हातात. त्या बिचाऱ्याला वर्षात एक दिवस तरी सुट्टी नको का?”

चंदरने तोंडात खोबरं टाकलं आणि परत आला. खंडेनवमी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच. स्वतःच्या पकडी आणि स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून तोच पूजा करून बसला होता. पण कॉम्प्युटर म्हणजे हत्यार, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेजाऱ्यांच्या मात्र बरोबर आलं होतं. आणि देवाधर्माच्या गोष्टीत कोणाला भीड घालायची, हे त्याला जमणारं नव्हतं.

“जीवनरावांना फोन करतो,” तो हर्षालीला म्हणाला. “सांगतो, नाही होत म्हणून.”

हर्षालीने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. “आधी आत्याबाई येऊ देत. टेम्पो नाक्यावर आलाय त्यांचा.”

“आई? ती तर माझाही कॉम्प्युटर बंद करायला लावेल!”

गोजराबाई दरवर्षी नवमीला पहाटे तोडलेला झेंडू घेऊन सातपूरला विकायला यायच्या. त्या दिवशीही आल्या, पदराला फुलांचा वास, बोटं पिवळी. त्यांनी लेकाचा चेहरा पाहिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “येवढंच व्हय? तू कुठल्या घरातला हायेस रे?”

“म्हणजे?”

“आपल्या घरात खंडेनवमीला विळा कधी निजला? आज झेंडू नाय तोडला तर उद्याच्याला लोकांनी दाराला काय बांधायचं? तुझी आजी काय करायची? पहाटंच्याला पूजा करायची, नारळ फोडायची, विळ्याला हात जोडून म्हणायची, देवा, मान घेतला, आता रजा दे, लोकांचं काम हाय. आन् मळ्यात. मी बी तेच करते. लेकराला येवढं बी शिकवायचं राहिलं का माझं?”

“तुझ्या लेकराला ठाऊक आहे. शेजाऱ्यांना कोण सांगणार?”

“मी काय मेलेय का? हर्षे, ती मोठी पाटी दे. सावडीला बोलवायचं तर रिकाम्या हाती जात नाय कुणी.”

पाटीभर झेंडू घेऊन सासू-सून निघाल्या. बाजाराची गिऱ्हाइकं नाक्यावर खोळंबली होती, पण गोजराबाईंना घाई नव्हती. प्रत्येक घरी आधी पूजा बघायची, वाखाणायची, मग फुलं पदरात घालायची, मग मळ्यातली रीत सांगायची. शकुबाईंनी हनुवटीला बोट लावून विचार केला.

“पण कुंकू पुसायचं नाही हं.”

“अगं, पुसतीस कशाला? कुंकू लावूनच तर मी विळा चालवते. दोन दाणे साखर ठिव त्याच्याम्होरं, हात जोड आन् म्हण, रजा दे.”

“साखर लांब ठेवा!” मागून हर्षाली ओरडली. “मुंग्या जातील आत!”

सगळेच काही तयार झाले नाहीत. गल्लीच्या टोकाचे चिमाजी, एसटीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी हात जोडून सांगितलं, “वहिनी, तुमची रीत तुमची. आमच्या घरी आज हत्यार हलत नाही.”

“नका हलवू,” गोजराबाई म्हणाल्या. “फुलं मातर घ्या.” आणि ओंजळभर जास्तच घातली.

इकडे चंदर पडद्यासमोर बसला होता. एक पट्टी पळायला लागली, मग आणखी एक, आणि खिडकीतून आरोळी आली, “बदक बसलं रे, कुंकू लावून!” चंदर एकटाच मोठ्याने हसला. दुपारपर्यंत पडदा दिवाळीसारखा झाला.

मग त्यांच्या गल्लीची लाइट गेली. निम्म्या पट्ट्या विझल्या. पण रस्त्यापलीकडच्या घरांचं लोडशेडिंग वेगळ्या वेळी असायचं, तिकडच्यांनी काम ओढून नेलं. चंदरचा कॉम्प्युटर आणि सगळ्या घरांच्या वायरी जिथे जुळायच्या ती पेटी इन्व्हर्टरवर होती. तिकडची गेली तेव्हा इकडची आली होती. सगळ्यांचे वाटे परत आले, आता मोळी बांधायची तेवढी उरली. हर्षालीने घटाचा अखंड दिवा सारखा केला, तेल घातलं, आणि तिने मागे वळून पाहिलं तर चंदर खुर्चीतून उठून उभा होता. दारात जीवनरावांची मोटारसायकल येऊन थांबतच होती.

“झालं?”

“झालं!”

दसऱ्याला वर्कशॉपमध्ये सावळीराम शेठनी नारळ फोडला आणि पट्ट्यावर कांद्याची गोणी ओतली. कांदे धावत आले. लहान इकडे, मोठे तिकडे. आणखी एक गोणी, आणखी जोरात. डबा गोंधळला नाही. शेठनी मधूनच खिशातलं लिंबू काढून पट्ट्यावर टाकलं, तेही निमूट लहान कांद्यांत जाऊन पडलं आणि सगळे खो खो हसले.

“किती माणसं लावली होतीस रे या कामाला?” जीवनरावांनी विचारलं.

चंदर नावं सांगायला लागला. शकुबाई, बायडाबाई, भिकाभाऊ... जीवनराव थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “बरं बाबा, उद्यापासून दुसऱ्या मशीनचं सुरू कर. त्यांना सांग, मी पेढे पाठवतो.”

चंदरने वर्कशॉपच्या फाटकातूनच पुण्याला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्या साहेबांनी कारण विचारलं. चंदर म्हणाला, “इथं माझी सावड आहे.” साहेबांना काय कळलं देव जाणे.

संध्याकाळी हर्षाली आणि चंदर सोनं वाटायला निघाले. घरोघरी आपट्याची पानं, घरोघरी तोंड गोड. शेवटी चिमाजींकडे पोचले. चिमाजींनी सोनं घेतलं, चंदरला पोटाशी धरलं आणि हाताला धरून थेट आतल्या खोलीत नेलं. कॉम्प्युटर चालू होता, पेंग्विन लावलेलं.

“सकाळपासून लावून ठेवलंय,” ते म्हणाले. “काल माझ्यानं जमलं नाही, मनाला लागून राहिलं. आज दसरा. आज घे माझा वाटा, किती घ्यायचा तो.”

हर्षालीने चंदरकडे पाहिलं. डबा तर देवळ्याच्या वाटेला लागला होता, काम संपलं होतं. चंदर म्हणाला, “बरं झालं, काका. तुमच्याचसाठी खोळंबलं होतं.”

घरी आल्यावर त्याने चप्पल काढली आणि कालचं सगळं काम पहिल्यापासून पुन्हा कंपाइलला लावलं. पडद्यावर चिमाजींची पट्टी धावायला लागली.

“बघ, कसे पळतायत काका,” तो म्हणाला, आणि दोघं श्रीखंड-पुरी खात ती पट्टी बघत बसली.