भिंगरीचे दोन डबे

शिवणवाल्या बाईचा हात कापडावर सरळ चाले, पण नणंदेचा विषय निघाला की टाका वाकडा पडे. नणंद एक मजला खाली राहायची, दातांच्या दवाखान्यात कामाला. मूलबाळ नव्हतं. स्वभावाने वाईट नव्हती, आणि तेच तर बाईच्या डोळ्यात खुपायचं. वाईट असती तर चार शब्द सुनावून मोकळी तरी झाली असती.

सगळं सुरू झालं ते क्रीमच्या बिस्किटांवरून. सकाळी मशीनवर बसायची घाई, म्हणून बाई लेकीच्या, म्हणजे भिंगरीच्या, डब्यात बिस्किटं कोंबायची. शाळेतल्या तपासणीत पोरीच्या तीन दाढा किडलेल्या निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून भिंगरी शाळेत जाताना आत्याच्या दारात थांबायला लागली, आणि आत्या तिच्या हातात एक हिरवा डबा द्यायला लागली. सोललेलं संत्रं, उकडलेलं अंडं, गाजराचे तुकडे, मूठभर शेंगदाणे.

"वहिनी, तुला कुठे वेळ असतो," नणंद म्हणाली. गोडच बोलली हो, पण बाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आत्या काकडीची फुलं करते," असं पोरीने जेवताना सांगितलं, तेव्हा तर बाईने ताटच बाजूला सारलं. पोटची पोर, आणि कौतुक कुणाचं? असंच चाललं तर उद्या ताप आला तरी ही खालीच धावेल, असं बाईच्या मनाने घेतलं.

मग बाई इरेला पेटली. साडेपाचला उठून अंडी उकडली, मक्याचे दाणे वाफवले, सफरचंद चिरून त्याला लिंबू चोळलं, काळं पडू नये म्हणून. काकडीची फुलं काही जमली नाहीत, ती तिने चिडून स्वतःच खाल्ली.

"आजपासून माझाच डबा न्यायचा. आत्याला सांग, राहू दे म्हणावं."

भिंगरीने मान डोलावली. संध्याकाळी डबा चाटूनपुसून रिकामा. चार दिवस तेच. बाईचे पाय जमिनीवर ठरेनात. मुद्दाम खाली जाऊन तिने रिकामा डबा नणंदेला उघडून दाखवला.

"बघा ताई, कण ठेवत नाही."

नणंदेचा चेहरा पडेल म्हणून बाई टक लावून बघत होती. तो पडला नाही, नुसता गोंधळला.

पाचव्या दिवशी शाळेतून निरोप आला, भिंगरीला वर्गात उलट्या झाल्या. दोघी धावत गेल्या. पोर बाकावर आडवी, पांढरीफटक. उशाशी दप्तर, आणि दप्तरात दोन डबे, दोन्ही रिकामे.

"दोन्ही एकटीच संपवते," शिक्षिका म्हणाल्या. "कुणाला देत नाही."

"मला तर ही काहीच बोलली नाही," नणंद पुटपुटली.

"तुझा उरला तर तू रडशील," भिंगरी आईला म्हणाली. "आणि आत्याला नको म्हटलं तर ती रडेल."

नणंदेने दप्तरातला हिरवा डबा काढून घेतला. "उद्यापासून मी नाही देत, वहिनी."

बाईला भडभडून आलं. पोरीला कुशीत घेतलं, पाठ चोळली, स्वतःला लाख शिव्या घातल्या. ते सगळं खरं होतं. पण जिभेला हाड असतं तर आणखी काय हवं होतं? नणंदेला ऐकू जाऊ नये अशा बेताने ती पोरीच्या कानाशी वाकली.

"आधी कुणाचा उघडायचीस गं?"

भिंगरीने डोळे मिटून घेतले.