रात्री अकराची भूक

मंडळी, आज सकाळी आईला फोन करून मोठ्या फुशारकीनं सांगितलं, "बारा दिवस झाले, रात्री जेवणानंतर मी काहीच खाल्लं नाही."

डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचं सांगितलं, त्याच दिवशी चिवड्याचा डबा शेजारी देऊन टाकला होता. तरी अकरा वाजले की पोटात खड्डा पडतोच.

आई हसली. "तुले लहानपनी भूक कुठं लागे रे? तुह्या बाबाले एकट्यानं जेवण जात नव्हतं, म्हनून मी तुले झोपेतून उठवत होती."

मग सगळं आठवलं. बाबा भैंसा गावात, सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते. कापसाच्या हंगामात घरी यायला अकरा वाजायचे, केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. आमच्याकडे जेवणाऱ्याला एकटं बसू देत नाहीत. आई चुलीपाशी भाकरी टाकायची आणि ताटासमोर पेंगत मी बसायचो. बाबा भाकरीचा पापुद्रा शेंगदाण्याच्या चटणीला लावून माझ्या तोंडात घालायचे.

तेवढ्यात बाबांनीच फोन घेतला. काम सोडून कित्येक वर्षं झाली, पण ते अजून अकरालाच जेवतात.

"मंग आता तू कवा जेवतं?"

"साडेसातला, बाबा."



"मंग मी बी साडेसातले बसतो. फोन लाव."

आत्ता सात वीस झालेत. ताट वाढून घेतलंय, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलाय. आज तुमच्या ताटासमोर कोण बसणार आहे?