कासवापुढचा नमस्कार

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षे वाचत आलो आहे, आणि वाचून झाले की अंक रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवत आलो आहे. संचार, दृष्टांत, गेलेल्या माणसांचे येणे-जाणे यांवर माझा कधीही विश्वास नव्हता. आजही तो बसला आहे असे मी लिहून देणार नाही. जे पाहिले ते सांगतो. जे केले तेही सांगतो. त्यातले दुसरे अधिक अवघड आहे.

मी परतूर तालुक्यातील आष्टीचा. दिवाणी न्यायालयात आधी कारकून होतो, नाझर म्हणून निवृत्त झालो. कारकुनीच्या काळात न्यायासनाच्या पायथ्याशी बसून असंख्य साक्षी ऐकल्या. खोटा साक्षीदार मी चेहऱ्यावरून ओळखतो, असा माझा लौकिक होता. गावात कोणाचा बांधावरून तंटा झाला, तर दोन्ही पक्ष मला मध्ये बसवीत. हे बढाईसाठी लिहीत नाही. पुढे त्याचा संबंध येतो.

साधारण १९९५-९६ च्या सुमारास माझा मुलगा सुधीर याने जालन्याहून टीव्ही गेम आणला. टीव्हीला जोडायचा डबा, दोन रिमोट, आणि वरून खोचायची पिवळी कॅसेट. त्यात एक बुटका माणूस डावीकडून उजवीकडे धावत सुटतो, खड्डे ओलांडतो, आणि वाटेत येणाऱ्या प्राण्यांवर उडी मारून त्यांना चिरडतो. त्या प्राण्यांत कासवे होती.

सुधीर आणि त्याची धाकटी बहीण मंदा दुपारी तो खेळ खेळत. माझी पत्नी भांडी आटोपून त्यांच्याशेजारी बसू लागली, आणि एके दिवशी तिने रिमोट हाती घेतला. तिचा खेळ अजब होता. आमच्या महादेवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव आहे. त्याला हात लावून नमस्कार करायचा आणि मग पुढे व्हायचे. त्याच्यावर पाय द्यायचा नाही. पत्नीने हाच नियम टीव्हीतही लागू केला. कासव समोर आले की ती बुटक्याला थांबवी, खालचे बटण दाबी, म्हणजे तो वाके. मग त्याला वरच्या वर पलीकडे उडवी. बहुतेक वेळा नमस्कार चालू असतानाच कासव येऊन धडके आणि बुटका मरे.

“आई, मेला ना तो! उडी हाण की कासवाच्या पाठीवर.”

“कासवावर पाय देतेत का रे? देवळात देतो का तू?”

“हे देऊळ हाय का?”

“कासव तर हाय ना.”

“मंग असाच मरत राहील तुझा माणूस.”

“मरू दे. पुन्हा उठतो की न्हाई? आपल्यासारखं थोडंच हाय.”

मंदा हसून लोळायची. मी आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलेला असे. मला हे पसंत नव्हते. नाझराच्या पत्नीने पोरांचा खेळ खेळावा आणि तो चार लोकांनी पाहावा, याची मला लाज वाटे. फाटक वाजले की मी खाकरत असे, आणि ती रिमोट पदराखाली घेत असे. त्या खाकरण्याचा अर्थ घरात सर्वांना ठाऊक होता.

पुढे सुधीर नोकरीनिमित्त सिंगापूरला गेला. मंदाचे लग्न जाफराबादकडच्या टेंभुर्णीत झाले. जावई दिलीपराव यांचे तेथे कापडाचे दुकान आहे. त्यानंतर दोनच वर्षांत पत्नी गेली. मंदा अंत्यविधीला पोचू शकली नाही. ते तिच्या मनाला फार लागले. ती जेवेना, बोलेना. शेवटी २००७ च्या उन्हाळ्यात दिलीपराव तिला आष्टीला सोडून गेले.

सुधीरने ओळखीच्या माणसाबरोबर तिच्यासाठी एक यंत्र पाठवले. हातात मावणारे, वहीसारखे उघडणारे. फोनवर म्हणाला, “मंदे, आईचा खेळ पुन्हा आलाय बघ, इतक्या वर्षांनी. इकडच्या कुणीतरी नक्कल करून नवा केलाय. याला टीव्ही लागत न्हाई. लाइट गेली तरी चालतो.”

लाइट त्या काळी असायची तरी कुठे! दुपारभर लोडशेडिंग. मंदा खिडकीशी बसून ते यंत्र खेळू लागली. तोच बुटका, तीच कासवे. चित्रे मात्र अधिक गोलसर. आठवड्याभरात तिच्या आवाजात फरक पडला. भाकरी मागून घेऊ लागली. मला बरे वाटले, आणि मी ते बोलून दाखवले नाही.

मग एके दिवशी ती म्हणाली, “अण्णा, आई येते.”

मी वर्तमानपत्र खाली केले नाही.

“यात येते. मी हात काढला की कासवापुढं वाकते. इकडं या, दाखवते.”

“मला कामे आहेत,” मी म्हणालो. मला काहीही काम नव्हते.

असे काही दिवस चालले. शेवटी एका दुपारी तिने यंत्र खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि दोन्ही हात वर करून माझ्यासमोर उभी राहिली — झडती देणाऱ्यासारखी. “हे माझे हात. आता बघा.”

मी उठून पाहिले. बुटका उभा होता. उजवीकडून कासव येत होते. यंत्राला कोणाचाही स्पर्श नव्हता. कासव जवळ आले... आणि बुटका वाकला. सावकाश. मग सरळ होऊन त्याच्या अंगावरून पलीकडे गेला.

हे मी दिवसाढवळ्या, चष्मा लावून पाहिले आहे.

“चार्जिंग उतरले असेल,” मी म्हणालो.

“चार्जिंग उतरल्यावर माणूस वाकतो व्हय, अण्णा?”

“वाकतो. म्हातारपणी सर्वांचेच उतरते.”

ती खळखळून हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. विषय तेथेच थांबला असता, तर हे लिहिण्याची वेळ आली नसती. पण मंदाने ते दिलीपरावांना फोनवर सांगितले. “नवऱ्यापासून काय लपवायचं?” हे तिचे म्हणणे. दिलीपरावांनी ते आपल्या आईला सांगितले. पुढच्या रविवारी दोघे जीप करून आष्टीला आले.

फाटक वाजले तेव्हा मी सवयीने खाकरलो. मंदाने यंत्र पदराखाली घेतले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. तिची बॅग सकाळपासून भरलेली होती. आज घरी जायचे, हे तिने मनाशी ठरवले होते.

चहा झाला. मंदाच्या सासूबाई स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी बशी खाली ठेवली.

“अण्णा, मी आडपडदा ठेवत न्हाई. पोरगी म्हणती, आई येती. तिकडं दुकानात गिऱ्हाइकं विचारून राह्यली — सूनबाईचं डोकं बराबर हाय ना म्हणून. आता तुम्ही सांगा. तुम्ही कोर्टात जन्म काढलेला माणूस. तुम्ही म्हणलात पाह्यलं, तर मी बिलकुल तोंड उघडणार न्हाई. न्हाई म्हणलात, तर इलाज होईस्तोवर पोरगी इथंच राहू द्या.”

मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती सासूकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

“पाहिले,” मी म्हणालो.

“कशी शपथ?”

“शपथेची गरज नाही. पाहिले म्हणजे पाहिले.”

“मंग आम्हाला बी दाखवा.”

मंदाने यंत्र स्टुलावर ठेवले. चौघेजण त्याच्यावर वाकलो. कासव आले. बुटका उभाच राहिला. कासव धडकले, बुटका मेला, आणि यंत्रातून मेल्यावर वाजणारी ती उतरती धून आली. मंदाने पुन्हा सुरू केले. पुन्हा तेच. दिलीपरावांनी मान फिरवली. त्यांना हसू आवरत नसावे, किंवा रडू. मंदा पुटपुटली, “आई... ये ना गं.”

ते सर्वांनी ऐकले.

“असू द्या, अण्णा,” सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. “लेकीसाठी बाप काय बी म्हणतो. मला राग न्हाई आला.”

त्या रागावल्या असत्या, तर मी सहन केले असते. त्यांच्या स्वरात कीव होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला खोटा साक्षीदार ठरवले होते, आणि तेही मी खरे बोललो असताना.

मी म्हणालो, “उजेडाने पडदा नीट दिसत नाही. मी हातात धरतो.”

“तुम्हाला येतं का हे, अण्णा?” दिलीपरावांनी विचारले.

“धरता येते.”

खरे तर पडद्यावर उजेड पडतच नव्हता. मी यंत्र दोन्ही हातांत घेतले. पत्नी रिमोट कसा धरी, ते इतकी वर्षे वर्तमानपत्राआडून पाहिले होते, हे तेव्हा मला कळले. डावा अंगठा खालच्या बटणावर टेकवला. कासव आले. मी बटण दाबले.

बुटका वाकला.

मग उजव्या अंगठ्याने उडीचे बटण दाबले. बुटका पलीकडे गेला.

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. त्यांनी पडद्यापुढे दोन्ही हात जोडले. “विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “माफ करा हो. तुमच्या लेकीला मी येडी म्हणले.” मग दाराकडे वळून, “मंदा, आवर बाई. चल, उन्हं उतरायच्या आत निघू.”

निघताना मंदा माझ्या पाया पडली. यंत्र माझ्या हातात देऊन म्हणाली, “हे तुमच्यापाशी राहू द्या.” तिची नजर माझ्या अंगठ्यावर होती. मी वर पाहू शकलो नाही.

मंदाचा संसार रुळावर आला. टेंभुर्णीत त्या विषयावर पुन्हा कोणी शब्द काढला नाही. मी मात्र ते यंत्र कपाटात, जुन्या गरम कपड्यांखाली ठेवून दिले. खऱ्या गोष्टीसाठी मी खोटा पुरावा उभा केला होता. असे करणारी माणसे मी कोर्टात पाहिली होती आणि त्यांच्याकडे तुच्छतेने पाहिले होते. कोणी तंट्यासाठी बोलावणे धाडले, तर गुडघ्यांचे कारण सांगू लागलो. लोकांनी ते मान्य केले. आरशासमोर दाढी करताना मला माझा चेहरा ओळखता येत होता — खोटा साक्षीदार ओळखावा, त्या अर्थाने.

पुढच्या वर्षी कुंभार पिंपळगावला एका लग्नात मंदाच्या सासूबाई भेटल्या. भर मांडवात, पंगतीच्या वेळी, शेजारणीला माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “हे आमचे व्याही. ह्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.” मी ताट अर्धे टाकून उठलो. घरी येऊन मंदाला फोन लावला.

“मंदा, त्या दिवशी तो आपणहून वाकला नव्हता. मी बटण दाबले.”

ती म्हणाली, “खालचं ना?”

“हो.”

“मी पाह्यलं की.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? अण्णा, तुम्ही तो खेळ कधी हातात तरी घेतला का? आईच्या टीव्ही गेममध्ये खालचं दाबलं की वाकायचा. ह्या नव्यात न्हाई वाकत. भुयाराच्या तोंडावर उभं राहून दाबलं, तरच खाली उतरतो. एरवी कितीबी दाबा.”

“तुला खात्री आहे?”

“काढा बाहेर. बघा दाबून.”

यंत्र काढले. त्याचे चार्जिंग संपलेले, आणि घरात लाइट नाही. चार वाजेपर्यंत मी ते मांडीवर घेऊन बसून राहिलो. लाइट आली. खेळ सुरू केला. कासव समोर आले. मी खालचे बटण दाबले.

बुटका ताठ उभा राहिला.

दाबून धरले. सोडून पुन्हा दाबले. अंगठा दुखेपर्यंत दाबले. तो वाकला नाही. कासव येऊन धडकत राहिले.

सुधीरला विचारले. त्याचे म्हणणे, नुसते उभे ठेवले तर बुटका आळस देतो, इकडेतिकडे पाहतो. पण वाकत नाही, या खेळात ती सोयच नाही. एखादे यंत्र सदोष असू शकते, असेही तो म्हणाला. असेल. पण मी पाहिलेल्या त्या दोन वेळांनंतर तो दोष पुन्हा दिसलेला नाही.

खोटा पुरावा दिल्याची लाज मी वर्षभर वागवली. ती आता उरलेली नाही. तिच्या जागी दुसरी आली आहे, आणि ती जाईल असे दिसत नाही. पत्नी आली असेल — मी ‘असेल’ म्हणतो — तर ती लेकीची अब्रू राखायला, चार माणसांसमोर आली. आणि त्याच क्षणी मी, तिच्यावर विश्वास न ठेवता, बटण दाबत होतो.

हल्ली दुपारी लाइट नसते तेव्हा मी ते यंत्र काढतो. मला खेळ फारसा जमत नाही. कासव आले की बुटक्याला थांबवतो, खालचे बटण दाबतो. तो वाकत नाही. तरी दाबतो, आणि मग पलीकडे उडवतो. बहुतेक वेळा तोवर तो मरतो. फाटक वाजते, कोणीतरी आत येते.

मी खाकरत नाही.