गढूळ पाण्यासाठी आखूड गज

कडा गावात मी फावडं वेल्डिंग करायला गेलतो. तिथं एक अनोळखी माणूस मासे मारायच्या दोन बंदुका पारखत बसलेला. मोबाइलवर बघून त्यानंच त्या करवून घेतल्या होत्या. पाइपाची नळी, ट्यूबचं रबर आणि टोकाला काटा असलेला लोखंडी गज. एकीचा गज लांब, दुसरीचा आखूड.

बंदूक उचलली की तो गाल फुगवून श्वास धरायचा आणि नेम घ्यायचा. वेल्डरनं काही विचारलं तरी उत्तर नाही. शेवटी श्वास सोडून म्हणाला, "पाण्याखाली कुणी बोलतं का बे?"

त्यानं आखूड गज घेतला. "इथल्या तळ्याचं पाणी लई गढूळ हाय. हातभर पुढचं दिसत न्हाई."

तळं दिवाळीनंतरच आटलेलं. त्याच्या गाळात मी टरबुजं लावली होती.

दुसऱ्या दिवशी तो तिथं आला. गाल फुगवून, दोन्ही हातांनी हवा मागं सारत वेलांमधून सरकला आणि माझ्या सगळ्यात मोठ्या टरबुजात गज घातला.

मी भांडणाला मागं हटणारा माणूस नाही. पण बांधावरून ओरडणार तोच थांबलो. त्याच्या डोक्यावर पुरुषभर पाणी होतं, त्याला ऐकू गेलं नसतं.