इनायतभाईंचा कोरा फ्लॅश

अकोटात लग्न म्हटलं की इनायतुल्लांचा मोठा कॅमेरा आणि त्याहून मोठा फ्लॅश आलाच. रोल छत्तीस फोटोंचा आणि वऱ्हाडी चारशे. प्रत्येकाला नवरीशेजारी उभं राहायचं. मग इनायतभाई कोरा फ्लॅश मारत. उजेड पडे, मामा खूश, रोल जागच्या जागी. पुढे कोणी फोटो मागितलाच, तर "थोडा रोल जळला" हे उत्तर तयार असे. या कामात पंचवीस वर्षं त्यांचा हात धरणारा कोणी निघाला नाही.

२००६ साली लेकीने, जेबाने, हट्ट करून त्यांना डिजिटल कॅमेरा घ्यायला लावला. तंबाखूच्या डबीएवढा, सदऱ्याच्या खिशात मावणारा. रोलची कटकट नाही, फोटो मागच्या काचेवर लगेच हजर. तिथेच घात झाला. फ्लॅश पडला रे पडला की मामा काचेला नाक लावून उभा! पाहुणे तर त्या डबीला जुमानतच नसत; "फोटोवाला कवा येते?" असं त्यांनाच विचारत. त्यात बटण दाबल्यावर कॅमेरा आधी विचार करी, मग फोटो काढी. हार घालताना दाबावं, तर नवरदेव नाक पुसताना निघे.

तरी एका सरकारी खात्याच्या कामावर दुकान तगून होतं. शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजचे दिवस होते. साहेब गावोगाव दुभत्या गायी वाटत आणि वाटपाचा फोटो अहवालाला लागे. गायी अजून यायच्या होत्या, अहवाल मात्र वेळेवर जायचा होता. म्हणून एकच तांबडी गाय टेम्पोतून गावोगाव फिरे. इनायतभाईंना हे ठाऊक होतं. लाज वाटे, तरी ते बटण दाबत.

त्या दिवशी एका गावात पार्बताबाईंचं नाव पुकारलं. दोन वर्षं यादीत अडकलेली ही एकटी बाई सकाळीच गोठा सारवून आली होती. साहेबांनी दोर तिच्या हातात दिला, इनायतभाईंनी बटण दाबलं. कॅमेरा विचारात पडला. तेवढ्यात शिपायाने दोर हिसकून घेतला, आणि मग फ्लॅश पडला.

"दाखवा बरं भाऊ, कसा निंघाला त?" म्हणत पार्बताबाई पुढे आल्या.

काचेवर त्यांचा रिकामा हात होता, गाय टेम्पोकडे ओढणारा शिपाई होता आणि घड्याळ बघणारे साहेब होते.

"अवं, माही गाय कुठी नेऊन राह्यले?"

सारं गाव काचेवर वाकलं. साहेब इनायतभाईंच्या कानाशी लागले, "यात पुसता येतं ना? मग पुसून टाका. पुढचं काम हवंय ना?"

इनायतभाईंच्या डोळ्यांपुढे दुकान आलं, जेबाचं कॉलेज आलं. पार्बताबाईंचा हात अजून तसाच पुढे होता. इनायतभाईंनी जुन्या सफाईने अंगठा हलवला आणि कॅमेरा बंद केला.

"पुसला, साहेब."

तो त्यांचा शेवटचा कोरा फ्लॅश. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडसमोरच्या त्यांच्या दुकानात तोच फोटो दाराएवढा मोठा होऊन लागला. एवढा मोठा केल्यावर जरा फुटला होता, पण साहेब ओळखू येत होते.

खात्याचं काम त्याच आठवड्यात गेलं. चौथ्या दिवशी तांबडी गाय पार्बताबाईंच्या गोठ्यात पोचली. या वेळी फोटोसाठी कोणी साहेब आले नाहीत.