लिंफवाले दाजी

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, माणसाला चेहऱ्यावरून ओळखतच नाहीत, मानेवरून ओळखतात. हॅम्बर्गच्या एका संस्थेत ते रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन करायचे, आणि ते संशोधन संध्याकाळी प्रयोगशाळेतच ठेवून घरी यावं, एवढी साधी गोष्ट त्यांना कधी जमली नाही. समोरचा जरा शिंकला, की ‘जय भीम’ म्हणता म्हणता यांची दोन बोटं त्याच्या जबड्याखाली! “गाठ सुजलीय. छान! काम चालू आहे.” माझ्या सासूबाई पहिल्यांदा हॅम्बर्गला उतरल्या, तेव्हा विमानतळावरच दाजींनी बोटं पुढे केली. सासूबाईंनी पदर असा काही घट्ट ओढून घेतला, की मला हसू आवरेना. “अहो मावशी, विमानात कुणीतरी खोकलं असेल ना!” दाजी कळवळून सांगत होते. दाजींचा लेक लांब उभा राहून “पापा, बिट्टे!” असं जर्मनमध्ये विनवत हात जोडत होता.

शरीरातल्या पांढऱ्या पेशींना कुणी सैन्य म्हटलेलं त्यांना खपत नसे. “सैन्य कसलं? शाळा म्हणा, शाळा! छातीत थायमस नावाची ग्रंथी आहे, तिथे पेशींची परीक्षा होते. आपल्याच माणसांवर धावून जाणारी नापास. बहुतेक सगळ्या नापासच होतात, गेनाऊ, अगदी अश्शाच!” जयंतीच्या कार्यक्रमाची बैठक एकदा बटाटेवडे की पुलाव यावरून हातघाईवर आली. दाजी उठून म्हणाले, “ह्या समितीला थायमसच नाही.” अर्धे हसले, अर्धे रुसले, आणि वडे ठरले.

मग माझीच पाळी आली. स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये काखेतल्या लिंफच्या, म्हणजे अंगातला पाझर गाळणाऱ्या, गाठीही काढाव्या लागल्या, आणि काही महिन्यांनी उजवा हात सुजून जड झाला. मसाज, घट्ट बाही, व्यायाम, इथे सगळी सोय होती. पण मी धसकाच घेतला. हात हलवणंच टाकलं. वेणी घालणं सोडलं, वरच्या फळीवरचा डबा काढणं सोडलं, हात उशीवर ठेवून नुसती बसून राहायची. जो तो फोनवर “होईल गं सगळं पहिल्यासारखं” म्हणायचा. एक दिवस मी दाजींवरच उखडले. “तुम्ही एवढे शहाणे ना? मग सांगा, काढलेल्या गाठी परत येणार का?”

“नाही,” दाजी म्हणाले.

तोवर कुणी मला सरळ नाही म्हटलं नव्हतं. मी ढसाढसा रडले. दाजी माझं रडणं संपेपर्यंत थांबले आणि मग हळूच म्हणाले, “आल्झो, म्हणजे असं बघ, रक्ताला ढकलायला हृदय आहे. लिंफला तसा पंप नाही. तिच्या नळ्या आपल्या परीनं ढकलतात, पण खरा जोर आपल्या हलण्याचा, आपल्या श्वासाचा. मोठी वाट बंद झाली तर ती शेजारच्या बारीक वाटा धरते. वेळ लागतो. थोडी सूज राहीलही. पण हात उशीवर ठेवून ती कुठेच जायची नाही.”

दुसऱ्या दिवसापासून दाजी कामावरून आले, की मला बंदरावर फिरायला काढायचे. पाऊस आहे म्हणायची सोय नव्हती, हॅम्बर्गात तो असतोच. चालता चालता मी मूठ उघडायची-मिटायची, आणि शेजारी हे धडधाकट गृहस्थही तेच करायचे.

“दाजी, लोक बघतायत.”

“बघू दे. एकटीनं केलं तर वेड दिसतं, दोघांनी केलं तर व्यायाम.”

असा माणूस कुणाला मिळतो हो! पण इथे संशोधकाची नोकरी कंत्राटाची. मुदत संपली आणि ताई-दाजी पुण्याला परत निघाले. विमानतळावर ताई रडत होती, पोरगा जर्मनमध्ये कुरकुरत होता. तपासणीच्या रांगेतून दाजींनी मागे वळून पाहिलं. मी उजवा हात पार डोक्याच्या वर नेऊन हलवला. माणसानं निघताना आपल्या माणसाच्या तोंडाकडे बघावं की नाही? दाजी हाताकडेच बघत राहिले. मागच्या बाईनं ढकललं, तेव्हा कुठे पुढे सरकले. ते दिसेनासे झाले, हात भरून आला, तरी मला तो खाली घ्यावासा वाटेना.