जिजाबाईचा अंगठा

कोराडीच्या वीजकेंद्रामागच्या वस्तीत कुणाचं पोट दुखलं की तो आधी जिजाबाईच्या ओट्यावर येऊन आडवा व्हायचा. ओझं उचललं, पाय घसरला, की बेंबी जागा सोडते असं तिथं लहानथोर सगळेच मानत. मानत नाही म्हणणारे शिकलेले लोकही कळ आली की गुपचूप येत. जिजाबाई बेंबीवर अंगठा दाबून ठोका शोधायची. तो बाजूला लागला की बेंबी सरकली. मग गोड्या तेलाचा हात फिरवत, घरच्या चौकश्या करत, ती त्याला मधोमध आणायची. घेत काही नसे. लोकांनी नाव काढावं एवढीच तिची हाव, आणि ती हाव काही लहान नव्हती.

तिचा एक नियम मात्र होता. पोट दगडासारखं लागलं किंवा उलटी थांबत नसली, तर ती तेलाच्या वाटीला शिवत नसे. "हे माह्यं काम नाही गा, दवाखान्यात जा," म्हणायची आणि माणूस ऑटोत बसेपर्यंत दारात उभी राहायची. शेजारचे भैयाजी अपेंडिक्समधून वाचले ते या नियमामुळंच. ते सगळ्यांना तसं सांगतही.

हा नियम तिनं एकदाच मोडला, आणि तोही घरच्याच माणसासाठी.

कवडू, तिचा नवरा, जन्मभर ठेकेदाराच्या हाताखाली कोळशाची झाडलोट करत आलेला. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात त्याच्या अगदी उलट माणूस; पण बायकोच्या हाताचा विषय निघाला की टपरीवर त्याला आवरावं लागे. तो भाच्याच्या लग्नात दाबून जेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोट धरून वाकला. वरच्या पोटातून निघालेली कळ थेट पाठीत जात होती. आडवं होता येईना.

जिजाबाईनं अंगठा टेकवला. पोट कडक होतं. ठोका कुठं लागला ते ती बोलली नाही. तेवढ्यात कवडू ओकला, पुन्हा ओकला.

"दवाखान्यात जाऊ काय जी?" तिनं विचारलं.

"काहून वं? साऱ्या वस्तीचं पोट तू बसवतं, अन् माह्याच पोटाले डॉक्टर पाह्यजे काय? लोकं हासतीन."

लोक हसतील हे त्याच्याआधी तिच्याच मनात येऊन गेलं होतं. तिनं वाटीत तेल ओतलं.

तो दिवस चोळण्यात गेला. पोटावर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला, पायाचे अंगठे ओढले. दुसऱ्या दिवशीही तेच. कवडूची लघवी बंद झाली, डोळे आत गेले, तरी तो म्हणे, "तुह्या हातानं बरं वाटते." नागपुरात सदर भागातल्या दुकानात कामाला असलेली लेक मयुरा सुट्टी काढून आली, तिनं बापाकडं पाहिलं, तेलाच्या वाटीकडं पाहिलं आणि गाडी बोलावली.

नागपूरच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पित्ताच्या पिशवीतला खडा नळीत अडकून स्वादुपिंडाला सूज आली होती. सरकलं काहीतरी होतंच, फक्त बेंबी नव्हती.

मग एकामागून एक सुरू झालं. आधी किडन्या बसल्या, डायलिसिस लागलं. मग छातीत पाणी भरलं आणि घशात नळी घालून त्याला मशीनवर ठेवलं. जिजाबाईनं डॉक्टरीणबाईंना व्हरांड्यात गाठलं.

"बाई, माह्या चोळण्यानं झालं काय हे?"

"चोळल्यानं नाही झालं, मावशी. पण पहिल्याच दिवशी सलाइन मिळालं असतं तर शरीराला आधार झाला असता. हे सगळं टळलंच असतं असं मी म्हणत नाही."

बाईंनी हे फार मायेनं सांगितलं. त्यापेक्षा त्या खेकसल्या असत्या तर जिजाबाईला बरं वाटलं असतं.

मधे थोडी आशा दिसली. मशीन निघालं. कवडूनं चहा मागितला, मयुरा कितीतरी दिवसांनी हसली. त्यानं बायकोचा हात धरून आपल्या पोटाकडं ओढला. "एक डाव बसव ना वं." सिस्टर तिथूनच ओरडली, पोटाला हात लावायचा नाही म्हणून. जिजाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. वस्तीतली एक सून भेटायला आली होती, तिनं जाता जाता आपल्या पोराचं पोट दाखवलं, तेव्हाही जिजाबाईनं हात बाहेर काढले नाहीत.

मग ताप चढला. स्वादुपिंडाचा मेलेला भाग आत सडला होता, त्यात पू झाला होता. कुशीतून नळी घातली, पिशवीत तपकिरी पाणी उतरत राहिलं, ताप उतरला नाही. विष रक्तात पसरलं. पुन्हा मशीन आलं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता औषधांच्या हातात काही उरलं नाही. जवळ बसा. हात लावला तरी चालेल."

जिजाबाईनं बेसिनवर हात धुतले, पदराला पुसले. चादर सारून तिनं फुगलेल्या पोटावर अंगठा टेकवला. इतक्या वर्षांची सवय, तो आपोआप शोधू लागला. ठोका मंद होता, पण लागला.

"आई, काय करून राहिली तू?" मयुरानं विचारलं.

"बेंबी जागेवरच हाय," ती म्हणाली. "पह्यल्या दिवशीबी जागेवरच होती वं."

जिजाबाईनं अंगठा काढला नाही. थोड्या वेळानं त्याच्याखाली काही लागेनासं झालं.